‘किंचित’ कचरा आणि तीनशे वर्षांचा हवाला

राज्यकर्त्यांच्या शब्दकोशात विशेषणांना फार मोठे काम नेमून दिलेले असते. मराठवाड्यात विहिरी आटल्या, गुरे बाजारात निघाली, की सरकारी कागदावर ती ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ होते. मोर्चातील माणसांची डोकी फुटली, की तो ‘सौम्य लाठीमार’ होतो. याच घराण्यातील एक विशेषण अणुऊर्जेच्या व्यवहारात गेली कित्येक दशके बिनबोभाट वापरले जात आहे. ते म्हणजे ‘किंचित’. अणुवीज केंद्रात निर्माण होणाऱ्या कचऱ्याचा फार मोठा भाग ‘किंचित किरणोत्सारी’ असतो, म्हणून तो केंद्राच्या आवारातच जमिनीत पुरला तरी बिघडत नाही, असा हा युक्तिवाद आहे. तो वरवर पाहता निरुपद्रवी वाटतो. पण प्रश्न ‘किती’ हा आहे तितकाच ‘किती काळ’ आणि ‘कोणाच्या माथी’ हाही आहे, आणि या दोन प्रश्नांपाशी आले की ते विशेषण गळून पडते.

हा विषय महाराष्ट्राबाहेरचा नाही. मुंबईच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरवर, आजच्या पालघर जिल्ह्यात, अरबी समुद्राच्या काठी तारापूरचे केंद्र उभे आहे. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडून उभारून घेतलेल्या त्याच्या पहिल्या दोन भट्ट्यांनी २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी वीजनिर्मिती सुरू केली. देशातील हे पहिले अणुवीज केंद्र. पुढे २००५ आणि २००६ साली प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्या तेथे चालू झाल्या. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावे उठवावी लागली, आणि तेथील विस्थापितांना आपल्या हक्कासाठी उच्च न्यायालयाच्या पायऱ्या वर्षानुवर्षे झिजवाव्या लागल्या. या केंद्रातून गेलेल्या विजेचा हिशेब युनिटांत ठेवला जातो. उठवलेल्या गावांचा हिशेब निदान न्यायालयाच्या दप्तरात सापडतो. तिसरा हिशेब मात्र सामान्य नागरिकाच्या नजरेस कधी पडत नाही. तो आहे त्या आवारात मागे राहणाऱ्या कचऱ्याचा.

हा कचरा म्हणजे काय, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. कारण भीतीच्या भांडवलावर चालवलेले आंदोलन फार काळ टिकत नाही, आणि टिकूही नये. वापरून झालेले इंधन आणि त्याच्या पुनर्प्रक्रियेतून उरणारा द्रव हा अतितीव्र कचरा. तो वेगळा ठेवतात, काचेत गोठवतात. त्याविषयी येथे लिहावयाचे नाही. त्याखेरीज रोजच्या कामकाजात हातमोजे, चिंध्या, अंगरखे, हवेच्या गाळण्या, बदललेल्या नळ्या, पाणी शुद्ध करणारी राळ, टाक्यांच्या तळाशी बसलेला गाळ अशा असंख्य वस्तू दूषित होतात. त्या दाबून वा जाळून त्यांचे आकारमान कमी केले जाते, काही सिमेंटमध्ये घट्ट केल्या जातात, आणि मग आवारातील ठरावीक जागी, जमिनीच्या पृष्ठभागापासून थोड्याच खोलीवर पुरल्या जातात. अगदी कमी तीव्रतेसाठी साधे दगडी चर, त्याहून अधिकासाठी प्रबलित काँक्रीटचे चर, आणि आणखी तीव्र असल्यास काँक्रीटचे अस्तर दिलेले उभे पोलादी कूप, ज्यांना तेथील परिभाषेत ‘टाइल होल’ म्हणतात. भोवती निरीक्षण-विहिरी घेऊन भूजलाचे नमुने तपासले जातात. कमी तीव्रतेचे सांडपाणी प्रक्रिया करून, विरळ करून समुद्रात सोडले जाते. भारतातील सर्व अणुवीज केंद्रांची रीत थोड्याफार फरकाने हीच आहे.

या व्यवस्थेत काम करणारे तंत्रज्ञ बेफिकीर आहेत असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. सर्वसामान्य नागरिकाला वर्षाकाठी एक मिलिसिव्हर्टहून अधिक जादा मात्रा मिळू नये असा नियम आहे, आणि केंद्रांच्या कुंपणाबाहेर ती त्याच्या लहानशा अंशाइतकीच असते असे अणुऊर्जा खाते सांगते. शेजारच्या परळीत कोळसा जाळून राखेचे डोंगर उभे झाले, त्या राखेतही युरेनियम-थोरियमचे अंश असतात, आणि तिने किती छाती पोखरल्या याची गणती कोणी केली नाही, हेही खरे आहे. कोळशाचे पाप लपवून अणूवर दगड मारणे हा प्रामाणिकपणा नव्हे. परंतु कोळसा वाईट आहे एवढ्याने अणुकचऱ्याचे पुरणे चांगले ठरत नाही. एका शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून दुसऱ्याला विहिरीत घाण टाकण्याचा परवाना मिळत नाही.

आता ‘किती काळ’ या प्रश्नाकडे वळू. या ‘किंचित’ कचऱ्यात जी मूलद्रव्ये असतात त्यांपैकी कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचे आहे, ट्रिटियमचे सव्वाबारा. पण सिझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांची अर्धायुष्ये तीस वर्षांच्या घरात आहेत. म्हणजे दर तीस वर्षांनी त्यांची क्रियाशीलता निम्मी होते. ती हजाराव्या हिश्शावर यावयास दहा अर्धायुष्ये, म्हणजे तीनशे वर्षे लागतात. म्हणून उथळ पुरलेल्या अशा कचऱ्यावर सुमारे तीनशे वर्षे राखण ठेवावी लागते, हे जगभरच्या तज्ज्ञांचे मत आहे. फ्रान्समधील ला मांश येथे १९६९ ते १९९४ या काळात पाच लाख घनमीटरहून अधिक कचरा पुरला गेला. तेथेही तीनशे वर्षांच्या देखरेखीचीच भाषा केली जाते. विरोधकांनी फुगवून काढलेला हा आकडा नव्हे. कचरा पुरणाऱ्यांचे स्वतःचे गणितच तेथवर जाऊन पोहोचते.

तीनशे वर्षे हा शब्द उच्चारावयास सोपा आहे. त्याचा अर्थ आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासात शोधून पाहावा. तीनशे वर्षांपूर्वी, म्हणजे १७२५ च्या सुमारास, निजाम-उल-मुल्काने दख्खनमध्ये आपली स्वतंत्र सत्ता नुकतीच उभी केली होती. १८५३ साली हा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात गेला आणि १८६० साली पुन्हा निजामाकडे परतला. सातव्या निजामाच्या नावावरून शहर उस्मानाबाद झाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली. १९५६ साली हैदराबाद राज्यच नकाशावरून पुसले गेले आणि आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आलो. १९६० साली महाराष्ट्र झाला, १९८२ साली जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन लातूर वेगळा निघाला, आणि २०२३ साली जिल्ह्याचे नाव पुन्हा बदलले. या काळात दप्तराची भाषा फारसी होती, मग उर्दू झाली, मधल्या काळात इंग्रजी डोकावली, गावपातळीवर मोडी चालली आणि अखेर देवनागरी मराठी स्थिरावली. आज एखाद्या गावच्या इनामाचा वाद उपस्थित झाला तर मोडीचा कागद वाचणारा माणूस शोधत जिल्हाभर फिरावे लागते.

ज्या तीनशे वर्षांत राजे गेले, राज्ये गेली, लिप्या गेल्या आणि जिल्ह्याचे नावदेखील राहिले नाही, तेवढ्याच लांबीच्या काळासाठी एखाद्या सरकारी खात्याने ‘आम्ही लक्ष ठेवू’ असा हवाला द्यावा, आणि आपण तो विज्ञान म्हणून स्वीकारावा, हा कोणता बुद्धिवाद? जे खाते २०४७ च्या उद्दिष्टांची भाषा करते त्याला २३४७ चे आश्वासन देण्याचा अधिकार कोणी दिला? क्ष-किरणांचा आणि न्यूट्रॉनांचा हिशेब पदार्थविज्ञान करू शकते. खाती, मंडळे आणि महामंडळे किती वर्षे जगतील याचा हिशेब त्याच्या कक्षेत येत नाही. तो समाजशास्त्राचा आणि इतिहासाचा प्रांत आहे, आणि त्या प्रांतातील पुरावा या आश्वासनाच्या विरुद्ध आहे.

संस्थांची स्मृती किती तोकडी असते याचे उदाहरण शोधावयास तीनशे वर्षे थांबावे लागत नाही. पंचवीस वर्षे पुरतात. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० बसवलेले एक उपकरण १९८५ पासून वापराविना पडून होते. २०१० साली ते भंगार म्हणून लिलावात विकले गेले. एप्रिल २०१० मध्ये मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडताना कामगारांच्या अंगावर जखमा उमटल्या, अनेक जण रुग्णालयात दाखल झाले, एकाचा बळी गेला. ही घटना कोठल्या आडगावात घडली नाही. देशाच्या राजधानीत, एका नामवंत विद्यापीठात, शिकल्यासवरल्या माणसांच्या देखत, एका पिढीच्या आत, त्या पेटीत काय आहे हे विसरले गेले. बळी कोणाचा गेला हेही ध्यानात घ्यावे. विसरणारे प्राध्यापक आणि अधिकारी सुखरूप राहिले. मेला तो भंगार फोडणारा मजूर. वर्गीय समाजात विस्मृतीची किंमतही वर्गानुसारच वसूल होते.

दुसरा हवाला भूगर्भाचा दिला जातो. जागा तपासून घेतली आहे, खडक अभेद्य आहे, भूजल दूर आहे, असे सांगण्यात येते. या बाबतीत आमच्या जिल्ह्याइतका कडू अनुभव फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत देशाच्या भूकंप-नकाशावर किल्लारीचा टापू पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर भूभाग, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य होते. त्या पहाटे रिश्टर मापावर सहाहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. किल्लारीपासून आमच्या उमरगा-लोहारा भागातील सास्तूरपर्यंत गावेच्या गावे मातीदगडांच्या भिंतींखाली गाडली गेली, हजारो माणसे झोपेतच मेली. त्यानंतर २००२ साली नकाशा बदलला. पहिला पट्टाच रद्द झाला आणि किल्लारी तिसऱ्या पट्ट्यात गेली. कोयनेच्या बाबतीतही ११ डिसेंबर १९६७ नंतरच शहाणपण आले. यात शास्त्रज्ञांचा अप्रामाणिकपणा नव्हता. त्या वेळच्या ज्ञानाची ती मर्यादा होती. विज्ञान आपली चूक सुधारते हा त्याचा मोठेपणाच आहे. पण म्हणूनच जी गोष्ट सुधारता येणार नाही, म्हणजे एकदा पुरून वर काँक्रीट ओतलेला कचरा, तिच्या बाबतीत आजच्या ज्ञानाला अंतिम मानणे विज्ञानाच्या वृत्तीलाच धरून नाही.

येथे एक मूलभूत तर्कदोष आहे, आणि त्याकडे कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष द्यावे. अणुभट्टीसाठी जागा निवडताना पाणी जवळ हवे असते, कारण भट्टी थंड ठेवावी लागते. म्हणून तारापूर समुद्रकाठी, म्हणून जैतापूरची निवड समुद्रकाठी. कचरा पुरण्यासाठी जागा निवडावयाची तर पाणी जितके दूर तितके बरे, कारण जमिनीत पुरलेल्या किरणोत्सारी द्रव्याला हलवणारे वाहन पाणी हेच असते. म्हणजे एका कामासाठी जो गुण, तोच दुसऱ्या कामासाठी दोष. असे असताना भट्टीच्या आवारातच कचरा पुरावयाचा हा निर्णय भूशास्त्राने दिलेला नाही. तो सोयीने दिलेला आहे. जमीन आधीच संपादन झालेली आहे, कुंपण आहे, बंदूकधारी पहारा आहे, वाहतुकीचा खर्च नाही, आणि मुख्य म्हणजे नव्या गावाची परवानगी मागण्याची कटकट नाही. कोकणच्या उत्तर किनाऱ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, समुद्राची पातळी वाढते आहे, ही गोष्ट सोयीच्या हिशेबात बसत नाही.

पाणी काय करते ते अमेरिकेने पाहिले आहे. केंटकी राज्यातील मॅक्सी फ्लॅट्स आणि न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट व्हॅली येथे १९६३ पासून असाच ‘कमी तीव्रतेचा’ कचरा चरांत पुरण्यात येऊ लागला. चिकणमाती पाणी झिरपू देत नाही म्हणून जागा उत्तम, असे सांगितले गेले होते. झाले असे की वरच्या आच्छादनातून शिरलेले पावसाचे पाणी त्याच चिकणमातीमुळे बाहेर पडेना, आणि हौद भरावा तसे चर भरले. १९७५ साली वेस्ट व्हॅलीचे चर तुडुंब होऊन पाणी बाहेर आले आणि ते दफनस्थान बंद झाले. १९७७ साली मॅक्सी फ्लॅट्स बंद करावे लागले. जर्मनीत आस्सेच्या जुन्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ या काळात सुमारे १,२६,००० पिंपे उतरवण्यात आली. पुढे खाणीत रोज हजारो लिटर खारे पाणी झिरपू लागले, आणि २०१३ साली जर्मन संसदेला ती सारी पिंपे परत वर काढण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. तीनशे वर्षांचा हवाला एका ठिकाणी बारा, दुसऱ्या ठिकाणी चौदा आणि तिसऱ्या ठिकाणी काही दशकांत कोसळला. हे देश गरीब नव्हते, अडाणीही नव्हते.

आता ‘कोणाच्या माथी’ या प्रश्नाकडे येऊ, कारण अर्थशास्त्राचा खरा संबंध तेथे येतो. कार्ल विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली असे दाखवून दिले की खाजगी उद्योग आपल्या उत्पादनखर्चाचा मोठा भाग समाजाच्या अंगावर ढकलतो आणि मग उरलेल्या आकड्याला कार्यक्षमता म्हणतो. सार्वजनिक मालकीचा उद्योग या दोषातून आपोआप मुक्त होतो, असे समजण्याचे कारण नाही. अणुवीज हे त्याचे ठळक उदाहरण होय. हे ढकलणे येथे शेजाऱ्याच्या अंगावर तर होतेच, पण त्याहून अधिक ते न जन्मलेल्यांच्या अंगावर होते. आणि न जन्मलेल्यांना मत नसते, संघटना नसते, वकीलही नसतो.

हे कसे घडते ते साध्या चक्रवाढ व्याजाच्या गणितात पाहता येते. प्रकल्पांचा हिशेब करताना भविष्यातील खर्च आजच्या मोलात उतरवण्याची रीत आहे. दर साल दर शेकडा पाच या दराने, तीनशे वर्षांनंतर करावयाच्या एक कोटी रुपयांच्या खर्चाचे आजचे मोल साडेचार रुपयांहूनही कमी भरते. दर आठ टक्के धरला तर ते एका पैशाच्या दहाव्या हिश्शापर्यंत खाली येते. म्हणजे तीनशे वर्षांनंतर एखादे गाव उठवावे लागले, तरी आजच्या ताळेबंदात त्याची किंमत एका कप चहाइतकीही होत नाही. गणितात चूक नाही. पण ज्या गणितात माणसे चहाच्या कपापेक्षा स्वस्त होतात ते गणित नीतीचा निर्णय करण्यास अपात्र आहे, हे सांगण्याचे धैर्य अर्थशास्त्राच्या अध्यापकांनी दाखवले पाहिजे. कर्ज काढून सण साजरा करणाऱ्या बापाला आपण उधळ्या म्हणतो. येथे तर कर्ज काढणारा एक आणि फेडणारा त्याच्या बाराव्या पिढीतला.

भविष्यासाठी पैसा बाजूला ठेवला जातो काय? भट्टीचे आयुष्य संपल्यावर ती मोडावी लागते, आणि त्या मोडणीतून काँक्रीट, पोलाद, नळ्या अशा ‘किंचित’ कचऱ्याचा सर्वांत मोठा ढीग निघतो. या कामासाठी वीजदरात युनिटमागे दोन पैसे आकारले जातात. हा दर १९९१ चा. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१२ साली संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात त्यावर बोट ठेवले. इतकेच नव्हे तर तीस वर्षे चाललेल्या केंद्रांसह देशातील एकाही अणुवीज केंद्राजवळ मोडणीची योजना तयार नाही, असेही नोंदवले. दोन पैसे म्हणजे किती होतात? तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या प्रत्येकी १६० मेगावॅटच्या. त्या वर्षभर ऐंशी टक्के क्षमतेने चालल्या असे उदारपणे धरले तरी सुमारे २२४ कोटी युनिटे होतात, आणि दोन पैशांनी वर्षाचे साडेचार कोटी रुपयेदेखील पुरते भरत नाहीत. जिल्ह्यातला एखादा रस्ता याहून अधिक पैसे खातो. जर्मनीने २०१७ साली आपल्या वीज कंपन्यांकडून कचऱ्याच्या जबाबदारीपोटी सुमारे २४ अब्ज युरो रोख भरून घेतले. ती रक्कमही पुरणार नाही असे तेथील टीकाकार म्हणतात.

आणि राखणदार कोण? १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ ज्या अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी ठेवले गेले त्याचा अध्यक्ष अणुऊर्जा खात्याचाच सचिव. म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवावयाची त्याच्याच ओसरीवर पहारेकऱ्याची खाट. मंडळाला कायद्याचे अधिष्ठान नाही, हा ठपकाही महालेखापरीक्षकांनी २०१२ साली ठेवला. त्याआधी, २००० साली, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अखत्यारीतील सुविधा या मंडळाच्या देखरेखीतून काढून घेण्यात आल्या होत्या; आणि तारापूरला भाभा केंद्राच्याही सुविधा आहेत. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने तर माहिती दडवण्याचा अधिकारच खात्याला बहाल केला होता.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२ चा कायदा आणि २०१० चा नुकसानभरपाईचा कायदा दोन्ही मोडीत काढणारा नवा कायदा संमत केला. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘शांती’ हे नाव घडवण्यात आले आहे. त्याने नियामक मंडळाला कायदेशीर दर्जा दिला, ही गोष्ट स्वागतार्ह आहे आणि तसे म्हटले पाहिजे. पण त्याच कायद्याने खाजगी कंपन्यांना अणुवीज केंद्रे उभारण्याचे दार उघडले, सदोष यंत्र पुरवणाऱ्याकडून भरपाई वसूल करण्याची २०१० ची तरतूद गाळली, आणि माहिती ‘निर्बंधित’ ठरवण्याचा अधिकार सरकारच्या हाती कायम ठेवला. २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुविजेचे उद्दिष्ट जाहीर झाले. त्या वेळी देशाची क्षमता नऊ गिगावॅटच्याही आत होती. म्हणजे अकरा पटींहून अधिक वाढ, तीही नफ्यासाठी धंदा करणाऱ्यांच्या सहभागाने. कंपनीचे आयुष्य तीस-चाळीस वर्षांचे, दिवाळखोरीचा कायदा दिमतीला, आणि कचऱ्याचे आयुष्य तीनशे वर्षांचे. नफा कंपनीचा आणि कचरा राष्ट्राचा, अशी ही नवी वाटणी होणार आहे. राष्ट्रीयीकरणाचा हा प्रकार कोणत्याही समाजवाद्याने मागितलेला नाही.

अशा वेळी ‘किंचित’ या विशेषणाचा मोह आणखी वाढेल. अमेरिकेतील अणुनियामक आयोगाने १९९० साली असे धोरण जाहीर केले होते की ठरावीक मर्यादेखालील किरणोत्सारी कचरा ‘नियमनाच्या पात्रतेखालचा’ समजावा. म्हणजे तो साध्या उकिरड्यावरही जाऊ शकला असता. राज्याराज्यांतून त्याला विरोध झाला आणि १९९२ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून ते धोरण रद्द केले. धडा स्पष्ट आहे. कचरा कमी करणे कठीण असते, व्याख्या बदलणे सोपे असते. दारिद्र्यरेषा खाली ओढून गरिबी हटवल्याचे आपण पाहिलेच आहे.

आमच्या जिल्ह्यात अणुभट्टी नाही, मग धाराशिवच्या कार्यकर्त्याने यात का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. एक तर तारापूरची वीज ज्या जाळ्यात जाते त्या जाळ्यातच आमच्या पंपांच्या तारा जोडलेल्या आहेत. लाभात वाटा असेल तर जबाबदारीत वाटा नाही असे म्हणता येणार नाही. दुसरे असे की समुद्रकाठची ओली जागा नको, असे आम्ही म्हटले की पुढचा प्रश्न येणारच: मग कोरडी जागा कोठे आहे? पाऊस कमी, जमीन स्वस्त, तरुण बेकार आणि पुढारी आज्ञाधारक, असा टापू शोधणाऱ्याचे बोट नकाशावर कोठे थांबेल हे मराठवाड्यातील माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून ‘तेथे नको, आणखी कोठेतरी न्या’ ही मागणी आम्ही करणार नाही. घिवलीच्या कोळ्याच्या दारातील ओझे उचलून भूम-परंड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात टाकणे याला न्याय म्हणत नाहीत.

आमची मागणी वेगळी आहे. जो कचरा निर्माण झालेला आहे तो आहे तेथेच राहील, हे वास्तव स्वीकारावे. पण त्याची ‘विल्हेवाट’ लागली हे असत्य बोलणे थांबवावे. विल्हेवाट आणि साठवण यांत फरक आहे. विल्हेवाट म्हणजे पुरून विसरून जाणे. साठवण म्हणजे जबाबदारी कायम आहे याची कबुली. कचरा जमिनीवरील पक्क्या, तपासता येणाऱ्या, गरज पडताच उघडून दुरुस्त करता येणाऱ्या कोठारांत ठेवावा. ते खर्चिक आहे, हे खरे. मग तो खर्च विजेच्या किमतीत आज दिसू द्या. अणुवीज स्वस्त आहे की महाग, याचा निर्णय त्यानंतर होईल.

त्यासाठी काही गोष्टींचा आग्रह पक्षाने धरला पाहिजे. पहिली, प्रत्येक केंद्राच्या आवारात कोठे, कधी, किती आणि कोणत्या मूलद्रव्यांचा कचरा पुरला आहे याची यादी दर वर्षी मराठीतून प्रसिद्ध व्हावी आणि परिसरातील ग्रामसभांपुढे वाचली जावी. दुसरी, त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर तशी नोंद व्हावी. शेतकऱ्याने सोसायटीचे दहा हजारांचे कर्ज उचलले तर इतर हक्कांच्या रकान्यात त्याची नोंद होते. तीनशे वर्षांचा बोजा जमिनीवर चढवणाऱ्याला ती लागू नसावी काय? तिसरी, परिसरातील विहिरी, मासळी आणि भाजीपाला यांची तपासणी खात्याशी संबंध नसलेल्या विद्यापीठीय प्रयोगशाळांकडून व्हावी, आणि तिचे आकडे खुले असावेत. चौथी, चर खणणाऱ्या, पिंपे वाहणाऱ्या ठेकेदारी कामगारांची आयुष्यभराची आरोग्यनोंद ठेवली जावी. ठेका संपला म्हणजे शरीरातील मात्रा संपत नाही. पाचवी, दोन पैशांच्या जागी खऱ्या खर्चावर आधारलेला, संसदेच्या नियंत्रणाखालील स्वतंत्र निधी उभारावा, आणि खाजगी कंपनीकडून तो परवान्यापूर्वी रोख भरून घ्यावा. सहावी, हे होईपर्यंत ९,९०० मेगावॅटच्या जैतापुरासह एकाही नव्या केंद्राला हात घालू नये.

या मागण्यांत विज्ञानविरोध कोठे आहे? उलट मोजा, नोंदवा, उघड करा आणि चूक सुधारण्यास जागा ठेवा, ही विज्ञानाचीच रीत आहे. जे गुप्ततेच्या पडद्याआड पुरतात आणि वर ‘किंचित’ची पाटी लावतात, विज्ञानाचा अपमान त्यांनी केलेला आहे. आपल्या पूर्वजांनी आपल्यासाठी विहिरी खोदून ठेवल्या, बारवा बांधल्या, आंब्याची झाडे लावली. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, पण पाणी आणि फळे आपण खाल्ली. आपणही पुढच्यांसाठी जमिनीत काही ठेवून जाणार असू, तर निदान काय ठेवले हे त्यांना कळेल अशा लिपीत, आणि ते बाहेर काढता येईल अशा रीतीने ठेवले पाहिजे. एवढेही ज्यांना परवडत नसेल त्यांनी कचरा निर्माण करणे थांबवावे.